दोन नावांचा एक कोळी

सर,

तुम्ही हरायच्या आधी निघून गेलात. मेलेल्या माणसाशी पहिल्याच वाक्यात कुणी असं बोलत नाही, हे मला कळतं. पण मुद्दा पहिल्या ओळीत आला पाहिजे, हारतुरे मागाहून, हे तुम्हीच शिकवलंत. हारतुरे परवा शिरूरच्या कॉलेजात, तुमच्या शोकसभेत, भरपूर झाले. मी आता मुद्द्याचं बोलते.

हॉल भरला होता. टेबलावर तुमचा फोटो, त्याला झेंडूचा हार, आणि फोटोत तुम्ही हसताय. हा फोटो कुणी कधी काढला कोण जाणे, मी इतक्या वर्षांत तुम्हाला असं हसताना पाहिलेलं नाही. एकामागून एक माणसं उठून बोलत होती. "सर कधी कुणावर रागावले नाहीत," असं एक जण म्हणाला तेव्हा मला खोकल्याचं निमित्त करून पदर तोंडाला लावावा लागला. कोळी कुठे सापडला त्याची चिठ्ठी बाटलीत घालायला एक मुलगा विसरला होता, तर तुम्ही त्याचा अख्खा ट्रे मोरीत ओतला होता. ठिकाण माहीत नसलेला कोळी म्हणजे कचरा, असं ओरडत. तोच मुलगा परवा पहिल्या रांगेत बसून डोळे पुसत होता.

मग आत्ताचे विभागप्रमुख उठले. म्हणाले, सरांनी आपल्या तालुक्यातून मुंगीचं सोंग घेणारे दोन नवे कोळी जगाला दिले, आणि त्यातल्या एकाला आपल्या विद्यार्थिनीचं, सुमन मॅडमचं नाव दिलं, केवढं मोठं मन. सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडे बघितलं. मी हात जोडून बसून राहिले. दोन नाहीत हो, एक. एकच कोळी आहे, हे मी तुम्हाला तुमचा लेख छापून यायच्या आधी सांगितलं होतं, नंतर सांगितलं, आणि तुम्ही हयात होतात तोवर सांगत राहिले.

तुम्हाला हे पाठ आहे. पण हे वाचणाऱ्यांना नसेल, म्हणून सांगते.

आपलं भांडण जंगलापासून सुरू झालं. सह्याद्रीतल्या दाट रानात नवे कोळी मिळतात म्हणून दर दिवाळीनंतर तुम्ही जीप भरून मुलांना घेऊन जायचात. मी तुमच्याकडे संशोधनाला लागले तेव्हा मलाही वाटलं, आपणही जाऊ. तुम्ही म्हणालात, "मुलीची जबाबदारी कोण घेणार? तुला काय, मांडवगणला बाभळी आहेत की." जीपमध्ये मागे दोन जागा रिकाम्या होत्या. मी त्या बघितल्या, तुम्हीही मला त्या बघताना बघितलंत, आणि जीप गेली.

तर मी बाभळी घेतल्या. आमच्या मांडवगण फराट्याला भीमा नदीच्या कडेला बाभळीचं बन आहे, तिथे जायला लागले. एकदा तुम्ही स्वतः आलात, ते मात्र मी विसरणार नाही. भर उन्हात काळी छत्री उलटी धरायची, तिच्यावर फांदी घ्यायची आणि काठीने फांदीवर टोले मारायचे, म्हणजे फांदीवरचं सगळं छत्रीत पडतं. वाटेनं जाणारा एक म्हातारा थांबून म्हणाला, "सर, छत्री उलटी हाय तुमची." तुम्ही म्हणालात, "असू द्या, आज आम्हाला झाडच धुवायचंय." छत्रीत काळे मुंगळे पडले आणि सैरावैरा पळाले. तुम्ही मला म्हणालात, "छत्रीत बघू नकोस. काठाशी बघ." छत्रीच्या काठावरून एक मुंगळा खाली पडत होता आणि पडता पडता हवेतच थांबला. धाग्याला लोंबकळत. पुढचे दोन पाय मिशांसारखे हलवत. "मुंगी पडते," तुम्ही म्हणालात. "कोळी लटकतो. सोंग कितीही चांगलं असू दे, पडायची वेळ आली की खरं काय ते कळतं." तोपर्यंत मी लहानपणापासून ते बन बघत होते आणि मला त्यात मुंगळेच दिसत होते. हे तुम्ही दिलंत, मी नाही म्हणत नाही.

तो लटकलेला मुंगळा म्हणजे आपली काळी मादी. त्याच्या पुढच्या हंगामात तुम्हाला तुमच्या केंदूरला, मळ्यातल्या लिंबाच्या झाडावर, एक तांबूस नर मिळाला. त्याचे जबडे तोंडापुढे लांब फुटलेले, एका मुंगीने दुसरी मुंगी तोंडात धरून चालावं तसे. दोन्ही नवे होते, कुठल्याच पुस्तकात बसत नव्हते. तुम्ही दोन्ही मारून स्पिरिटात घातलेत, सूक्ष्मदर्शकाखाली धरलेत आणि ठरवलंत की हे दोन वेगळे कोळी आहेत. एक काळा, एक तांबडा. एकाला जबडे, एकाला नाहीत. एक भीमेकाठचा, एक केंदूरच्या मळ्यातला.

यात एक गोम आहे. कोळी ओळखायचा तो त्याच्या जननेंद्रियावरून. नराचं ते तोंडाजवळच्या आखूड पायांत असतं, मादीचं पोटाखाली. दोन्ही एकमेकांसारखी दिसत नाहीत. त्यामुळे बाटलीतल्या दोन मेलेल्या कोळ्यांत नवरा-बायको कोण हे बघून सांगता येत नाही. ते कळायला त्यांना जिवंत ठेवावं लागतं. आणि तुम्ही उभ्या हयातीत एकही कोळी जिवंत ठेवला नव्हतात. "आपण वर्णन करणारे. गोठा सांभाळणारे नव्हे," म्हणायचात.

मग गोठा मी सांभाळला. बनातल्या दुसऱ्या एका काळ्या मादीने बाभळीच्या पानात रेशमाची घडी घालून अंडी घातली होती, ती मी घरी आणली. आमच्या माळवदावर, हॉर्लिक्सच्या आणि इंजेक्शनच्या धुतलेल्या बाटल्यांत पिल्लं एकेकटी ठेवली, कारण एकत्र ठेवली की एकमेकांना खातात. आई केळं सडवून ठेवायची, त्यावर चिलटं यायची, ती पिल्लांना द्यायची. आई सुरुवातीला नाक दाबून जायची. मग तिला त्यांची माया लागली. रोज सकाळी मला सांगायची, "ह्यानं कात टाकलीया गं, नवं कापड घातल्यावानी दिसतंय." शेवटच्या काती पडल्या. एकाच आईची पिल्लं, काही काळ्या माद्या झाली आणि काही तांबडे नर. लांब जबड्यांचे. तुमच्या केंदूरच्या लिंबावरचा अगदी तसाच.

मी त्या बाटल्या पिशवीत घालून, पिशवी मांडीवर घेऊन, एसटीने शिरूरला आले. तुम्ही भिंग लावून बघितलंत. बराच वेळ. आणि म्हणालात, "तुझ्या आईनं बाटल्या धुताना मिसळले असतील."

त्या दिवशी आईही सोबत आली होती, सर. ती दारात उभी होती, दवाखान्यात जायचं होतं तिला. तुम्ही तिला पाहिलं नसेल, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. तिने ते ऐकलं. बसमधून उतरताना म्हणाली, "म्या तर बाटली रिकामी असल्याबिगर धुतलीच न्हाई." हे तिने मला परत परत सांगितलं, घरी पोचेपर्यंत.

तुमचा लेख छापून आला. दोन नवे कोळी. केंदूरच्या नराला तुम्ही तुमच्या गावाचं नाव दिलंत. आणि मांडवगणच्या मादीला माझं. लेखक म्हणून एकटं तुमचं नाव वर. मी लेखाच्या शेवटी, आभारात, टाइप करणारा माणूस आणि जीपचा ड्रायव्हर यांच्या मधे. बाभळीही माझ्या, मादीही माझी, आणि माझी जागा ड्रायव्हरच्या आधी.

नवा कोळी स्वतः शोधला तरी त्याला स्वतःचं नाव द्यायचं नसतं, दुसऱ्याने द्यायचं असतं, ही आपल्या लोकांची रीत. "स्वतःचं नाव ठेवणारा माणूस म्हणजे स्वतःच्या लग्नात स्वतःलाच अहेर करणारा," हे तुमचं वाक्य. म्हणून लोक म्हणाले, केवढा मान दिला. तुमच्या भावकीतल्या कुणी तरी विचारलंही म्हणे, आपल्या घरात पोरी नव्हत्या का, बौद्धवस्तीतल्या पोरीचं नाव कशाला. तुम्ही त्याला काय उत्तर दिलंत ते मला तुमच्या पत्नीकडून, आमच्या काकूंकडून, कळलं. "ज्यानं झाडं हलवली त्याचं नाव," म्हणालात. उत्तर चांगलं होतं. ते छापायचं होतंत की मग, लेखात वर, तुमच्या नावाशेजारी.

मला मात्र तो मान वाटला नाही. मला तो बोळा वाटला, तोंडात कोंबलेला. दोन नाहीत, एकच आहे, असं छापलं असतं तर एक नाव रद्द झालं असतं. आपण त्याला बुडवणं म्हणतो. ज्या कोळ्याच्या अंगावर माझंच नाव चिकटवलंय, तो खोटा आहे असं मी कुठल्या तोंडाने म्हणणार होते? आणि घरी माझ्या वडिलांनी, आबांनी, ते पान काच लावून भिंतीवर टांगलं होतं, बुद्धाच्या फोटोच्या खाली. आबा रेल्वेत दौंडला गँगमन होते. पाव्हणा आला की त्याला चहाच्या आधी ते पान दाखवायचे. "आमच्या सुमनचं नाव हाय. आता जगबुडीपतुर राहणार," म्हणायचे. तुम्ही मला गप्प करायला अगदी बरोबर जागा शोधलीत.

तरी मी गप्प बसले नाही. मी दौंडला शिकवायला लागले, लग्न झालं, पोरं झाली, आणि दर भेटीत आपलं हेच. पुण्याच्या ग्रंथालयातून परतताना यवतच्या ढाब्यावर आपण उतरायचो. तिथे मिसळीवर तर्री ओतत तुम्ही मला आपल्या शास्त्राचे सगळे कायदे शिकवलेत, आणि तिथेच आपण सगळ्यात जास्त भांडलो. तुम्ही स्वतः कुणा कुणाला बुडवलंत ते आठवा. कधीचे मेलेले गोरे साहेब, त्यांनी एकाच कोळ्याला दोनदा नावं दिलेली तुम्ही शोधून काढायचात आणि त्या दिवशी जास्तीची कांदाभजी मागवायचात. "आज एकाला बुडवला!" मी एकदा म्हटलं, बिचारा मेलाय, उत्तर द्यायला येणार नाही. तुम्ही म्हणालात, "मेलेल्याची चूक सगळ्यात जास्त टिकते. कारण तिला हात लावायला लोक लाजतात."

बघा, मी काहीच विसरलेले नाही.

निवृत्तीनंतर तुम्ही वाळलात. तरी हटवादीपणा होता तसाच. मागच्या उन्हाळ्यात तुम्ही आपणहून फोन केलात आणि ना हाय ना हॅलो, म्हणालात, "मी वाढवतो. माझ्या घरी, माझ्या हातानं. तू बाटलीला शिवायचं न्हाई. मग बघू." तुमच्या तोंडी 'न्हाई' आलं की तुम्ही चिडलेले किंवा घाबरलेले असायचात. या वेळी कुठलं, ते मला कळलं नाही.

अंड्यांवरची मादी तुम्ही स्वतः मांडवगणला येऊन पानासकट कापून नेलीत. जिना चढताना दम लागत होता तरी गच्चीवरच्या खोलीत काचेचं कपाट लावलंत, त्याला कुलूप, किल्ली बंडीच्या खिशात. चिठ्ठ्या तुमच्या अक्षरात. चिलटं तुम्ही घालायची. मी रविवारी यायचं, काचेबाहेरून बघायचं आणि चहा पिऊन जायचं. जन्मभर ज्याने जिवंत कोळी पाळला नाही, तो म्हातारा माणूस माझ्यासमोर सडक्या केळ्याच्या वाटीवर फडकं धरून चिलटं पकडत होता. एकदा मी म्हटलं, सर, गोठा बरा जमलाय. तुम्ही वळूनही बघितलं नाहीत. पण तुमचे कान हसले, हे मी मागून पाहिलं.

आणि मग शेवटच्या काती पडायच्या बेताला आल्या असताना, तुम्ही गेलात. तुमचं बरं झालं. उत्तरपत्रिका तपासून व्हायच्या आत परीक्षेचा हॉल सोडून गेलात. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी दौंडच्या स्टाफरूममध्ये होते, आणि पहिल्यांदा मला रडू नाही आलं, संताप आला. असं कसं? मी आता कुणाशी भांडू?

तुमच्या घरी सुतक होतं. खाली पाव्हण्यांची गर्दी. एका म्हातारीने विचारलं, "ही कोण गं?" काकू म्हणाल्या, "ह्यांची विद्यार्थिनी." माझे केस पिकायला लागलेत, माझे विद्यार्थी आता शिक्षक झालेत, पण तुमच्या उंबऱ्याच्या आत मी अजून तेवढीच आहे. मी भिंतीला टेकून बसले. थोड्या वेळाने काकूंनी मला आत बोलावलं आणि पदराच्या गाठीतून किल्ली काढून हातात ठेवली.

"ते कपाट तेवढं बघ बाई. भाच्यानं ती सडकी केळी उकिरड्यावर टाकली, म्हणला वास मारतोय. घरात कुणी जेवंना झालंय, पर त्या मुक्या जितराबांचं काय?"

मी वर गेले. कपाट उघडलं. तुमच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या. बऱ्याच बाटल्यांत काळ्या, तरण्या माद्या झालेल्या, काही पिल्लं अजून लहान. आणि वरच्या फळीवर, कडेच्या बाटलीत, कापसाच्या बुचाखाली, तो. तांबडा. पुढे लांब जबडे. शेजारी त्याची कात पडलेली, पायमोजा काढून ठेवावा तशी. काळ्या आईचा तांबडा मुलगा, तुमच्या घरात, तुमच्या कुलपात, तुमच्या हातच्या चिलटांवर वाढलेला. माझी आई तिथे कुठेच नव्हती.

मी त्या खोलीत एकटीच मोठ्याने म्हणाले, "बघा." आणि मग मात्र रडले.

काकू जिना चढून आल्या होत्या. दारातच बसल्या. म्हणाल्या, "त्या दिशी सकाळी लई येळ हितं बसले व्हते. खाली आले, खुर्चीत टेकले, आन् म्हणले, सुमनला फोन लाव. मी म्हणलं, आदी च्या घ्या, मग लावते. च्या घिऊन आले तवा मान पडली व्हती गं." त्यांनी माझा हात धरला. "काय सांगायचं व्हतं त्यांना तुला?"

"ठाऊक नाही, काकू," मी म्हटलं.

खरंच ठाऊक नाही. त्या नराने कात तुमच्यासमोर त्या सकाळी टाकली असेल. तुम्ही गेल्यानंतर टाकली असेल. कातीवर वेळ लिहिलेली नसते. तुम्ही जबडे बघितलेत आणि मग फोन लावायला सांगितलंत, असं मला मानता आलं तर किती बरं वाटेल, आणि नेमकं म्हणूनच मी ते मानणार नाही. जे पाहिलं नाही ते लिहायचं नाही, तिथे जागा कोरी सोडायची, हा तुमचा कायदा. कोरी सोडते. पण एक विचारते. फोन स्वतः का नाही लावलात? बाभळी हलवायला मी, चहाला आणि फोनला काकू. 'चुकलं' हा एक शब्द सांगायलासुद्धा तुम्हाला मधे दुसरं माणूस लागत होतं का?

आता राहिला नावाचा प्रश्न.

यवतच्या ढाब्यावरच तुम्ही मला तो नियम शिकवलात. एका कोळ्याला दोन नावं वेगवेगळ्या वेळी दिली गेली, तर आधीचं राहतं, नंतरचं बुडतं. पण दोन्ही नावं एकाच लेखात, एकाच दिवशी छापली गेली असतील, तर ती चूक पहिल्यांदा छापून दाखवणारा माणूस ठरवतो, कुठलं ठेवायचं. मग साऱ्या जगाला ते पाळावं लागतं. आणि हेही तिथेच सांगितलंत, की संपादक तुमच्या लेखाचे दोन भाग करा म्हणत होता, केंदूरचा नर या अंकात, मांडवगणची मादी पुढच्या अंकात. तुम्ही नकार दिलात. दोन्ही एकदमच येतील म्हणालात, आणि त्यासाठी लेख बराच काळ अडकून पडला. तेव्हा मला तो तुमचा ताठा वाटला. परवा शोकसभेतून परतताना वडापच्या जीपमध्ये एकदम लक्षात आलं, की ते दोन भाग झाले असते तर माझं नाव नंतरचं ठरून आपोआप बुडालं असतं. तुम्ही तसं होऊ दिलं नाहीत. चूक करतानाच तुम्ही ती सुधारण्याचा हक्क बाजूला काढून ठेवला होता, आणि तो वापरणारं माणूस एकच होतं, ते तुम्हाला माहीत होतं. की हा नुसता योगायोग? बोळा होता की किल्ली होती? हे विचारायचं राहिलं. तुम्ही खरं सांगितलं नसतंतच.

सभेनंतर मी विभागप्रमुखांना त्या तांबड्या नराचं सांगितलं, तर ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, एवढ्यात छापू नका. वर्षश्राद्ध तरी होऊ द्या. आणि छापलंच तर तुमचं नाव बुडवा, सरांच्या गावाचं राहू द्या. शोभून दिसेल." मला त्यांच्या तोंडावर हसावंसं वाटलं, पण खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं. स्वतःचं नाव स्वतःच्या हाताने कसं ठेवायचं? अहेराचं तुमचं ते वाक्य माझ्या डोक्यात बसलंय. मी तसं ठरवून मांडवगणला गेले, आबांना सांगायला, की ते भिंतीवरचं पान आता उतरवावं लागेल.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना आता कमी ऐकू येतं, मला जवळ जाऊन दोनदा सांगावं लागलं. मग म्हणाले, "म्हंजी कोळी खरा हाय?"

"खरा आहे, आबा. दोन्ही मिळून एक आहे."

"आन् नाव कुठलं ठिवायचं ते तुझ्या हातात?"

"हो."

"मग तुझं तू का घालवतीस? दुसऱ्या कुणी घालवलं आसतं तर त्याच्या दारात जाऊन भांडली आसतीस." आणि तोंड फिरवून बसले. "मी न्हाई उतरवायचो."

आई चुलीपाशी होती. तिने भाकरी तव्यावर टाकली, हात झटकला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "म्या बाटल्या मिसळल्या न्हाईत, हे त्यांला कळलं का गं जायच्या आदी?"

मला वाटलं होतं ती विसरली असेल. इतकी वर्षं झाली.

तुम्हाला मी जागा कोरी सोडायचं वचन दिलंय, सर, आणि छापीन तिथे मी ती कोरीच सोडणार आहे. पण आईकडे बघून मी म्हणाले, "व्हय. कळलं. मला फोन करणार व्हते." आईने मान हलवली आणि भाकरी उलटली. नंतर ती गुणगुणत होती, हे मी बाहेरून ऐकलं. हा पुरावा तुमच्या नावावर मी उधार घेतलाय, आणि तुम्ही त्याला ना म्हणायला इथे नाही आहात. माझ्या आईच्या बाबतीत तुमच्याकडून मला एवढंच वसूल करता आलं.

तर लेख मी याच महिन्यात पाठवतेय. वर्षश्राद्धाची वाट बघणार नाही. मेलेल्याच्या चुकीला हात लावायला मी लाजत नाही. लेखक म्हणून एकटं माझं नाव वर. आभारात तुम्ही असाल, आणि तुमच्या आधी माझी आई, पिल्लं वाढवल्याबद्दल. तुमच्या केंदूरचं नाव बुडेल. भावकीला सांगा, लिंबाचं झाड आहे तिथेच आहे.

माझं नाव मी ठेवतेय. लोक म्हणतील, बाईने स्वतःलाच अहेर केला. म्हणू देत. अहेर तुमचा होता, मी तो फक्त परत केला नाही.

आणि एक नियम तुम्हीच शिकवलाय, तो शेवटी सांगते. कोळ्याच्या नावानंतर, ज्याने ते नाव दिलं त्याचं आडनाव लिहितात. कायम. कुठल्याही देशात, कुठल्याही पुस्तकात तो कोळी लिहिला जाईल, तिथे माझ्यामागे तुम्हाला यावं लागेल. तुमच्यापासून सुटायचं म्हणून मी जन्मभर धडपडले, आणि आता माझ्याच हाताने मी आपल्या दोघांना एका ओळीत बांधतेय. याचा मला राग आहे. पण नीट बघा, सर, चष्मा लावून बघा. आधी माझं नाव आहे. मग तुमचं.